नवीन आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात काय द्यावं? (निमित्त: गोविंद स्वरूप)

मधला_बाक

उद्या ७ सप्टेंबर. प्रा. गोविंद स्वरूप २०२० साली याच तारखेला पुण्यात गेले, ९१ वर्षांचे होते. कोविडची धामधूम चालू होती, मला स्वतःला दोन दिवसांनी कळलं. ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी: नारायणगावजवळ खोडदला त्या मोठ्या मोठ्या जाळीच्या डिश दिसतात ना, जीएमआरटी, ती या माणसाची. त्याआधी उटीची रेडिओ दुर्बीण, तीही यांचीच. भारतात रेडिओ खगोलशास्त्र (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींवरून अभ्यास) म्हणून जे काही आहे त्याची सुरुवात यांच्यापासून.

धागा काढायचं खरं कारण वेगळंय. पुढच्या सोमवारी आमच्या लॅबमध्ये तीन नवीन मुलं जॉइन होतायत आणि वरून मेल आलाय की ओरिएंटेशन तुम्ही बघा. आता मी जॉइन झालो तेव्हाचं सांगतो (संस्थेचं नाव नको), ११ दिवस मला खुर्ची नव्हती. यूपीएसच्या खोक्यावर बसायचो. कोणी वाईट वागलं असं नाही, फक्त मी आलोय हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि दुसरीकडे स्वरूपांच्या हाताखाली तयार झालेली माणसं बघितली तर पोरं तिथं पंचविशीच्या आत आली आणि रिटायर होईपर्यंत राहिली. हे कसं जमतं? स्वभाव असतो की काही पद्धत असते? स्वभाव असेल तर माझं काही होणार नाही, पद्धत असेल तर उचलावी म्हणतो.

ढवळ्या

मी पयला. चहा घेऊन बसलोय.

खोडदचा_पाव्हणा

आमचं गाव डिशपासून पाच किलोमीटर. काम चालू झालं तेव्हा मी शाळेत होतो, लोकं म्हणायची पाकिस्तानवर नजर ठेवायला लावल्यात, कोणी म्हणायचं पाऊस पाडायचं मशीन आहे. एक आजोबा तर म्हणले एवढी मोठी चाळणी कोणाचं धान्य चाळायला. माझा मामा वेल्डिंगच्या कामाला होता तिथं, त्यानं स्वरूप साहेबांना लांबून पाहिलेलं, ओळख वगैरे काही नाही. पण तो अजून सांगतो की त्या डिशमध्ये माझे टाके आहेत. घरी पाहुणे आले की पहिले तिकडं घेऊन जातो, आता पंच्याहत्तरीला आलाय.

सिडनीकर_अनघा

@मधला_बाक, पद्धत होती, आणि ती स्वरूपांची स्वतःची नव्हती, त्यांनी ती इथून आमच्या सिडनीतून नेली असं माझं ठाम मत आहे.

१९५३ साली कोलंबो योजनेतून दोन भारतीय तरुण इथं सीएसआयआरओत (ऑस्ट्रेलियाची सरकारी संशोधन संस्था) आले, स्वरूप आणि पार्थसारथी. स्वरूप तेव्हा दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत के. एस. कृष्णन यांच्याकडे होते, वय २४. इथं रेडिओ खगोलाचा प्रमुख होता जोसेफ पॉसी. त्यानं काय करावं? या दोघांना लगेच एखाद्या कोपऱ्यात बसवून ‘हे वाचा’ असं नाही सांगितलं. पहिलं वर्ष सगळ्या गटांत फिरवलं. क्रिस्टियान्सन, वाइल्ड, मिल्स, बोल्टन, प्रत्येकाकडे साधारण तीन तीन महिने. ही सगळी त्या काळातली जगातली मोठी नावं हो, आणि यातला प्रत्येक जण आपापल्या पद्धतीचं वेगळंच यंत्र बांधत होता. आणि फिरणं म्हणजे बघत हिंडणं नव्हे. क्रिस्टियान्सनकडे सूर्याच्या रेडिओ नकाशाची आकडेमोड चालू होती, कॉम्प्युटर नाही, टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर आकडे ठोकत बसायचं, महिनोन्‌महिने. त्यात ही दोघं. आणि दुसऱ्या वर्षी सांगितलं की आता तुमचं तुम्ही काम ठरवा.

त्यांनी पॉट्स हिलच्या ३२ छोट्या डिशची रांग घेतली आणि तिची फ्रीक्वेन्सी बदलून वापरली. या डिश जेमतेम सहा फुटी, पाण्याच्या तलावाच्या काठानं ओळीत उभ्या केलेल्या. मी त्या भागातून कामाला जाते, आता त्याचा मागमूस नाही. पुढं त्या डिश मोडीत निघणार असं कळल्यावर स्वरूपांनी पॉसीला सरळ विचारलं की भारताला देता का, आणि तो हो म्हणाला. दोन वर्षांपूर्वी आलेला शिकाऊ मुलगा अख्खी दुर्बीण मागतो आणि साहेब देतो, यात सगळं आलं असं मला वाटतं.

कल्याण_वेस्ट

आणि त्या डिश कुठं आल्या माहितीये का? कल्याणला!! १९६५ मध्ये. २४ पूर्व-पश्चिम आणि ८ उत्तर-दक्षिण अशा लावल्या होत्या, सूर्याच्या निरीक्षणासाठी. भारतातली पहिली अशी रेडिओ दुर्बीण आणि ती आमच्या कल्याणात. माझा जन्म कल्याणचा, शाळा कल्याणची, ४३ वर्षांत एका मास्तरांनी हे सांगितलं नाही. दुर्गाडी किल्ला आणि लोकलचे डबे एवढंच आमचं भांडवल समजत होतो.

ढवळ्या

कल्याणला काहीही येऊन थांबतं, पुढं जायला स्लो मिळत नाही एवढंच.

सोल्डर_गन

मला जरा वेगळं बोलायचंय, राग मानू नका. आपल्याकडे एक माणूस धरायचा आणि त्याची पालखी काढायची सवय आहे. जीएमआरटीच्या ३० डिश, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची, त्यातल्या १४ मधल्या एका चौरस किलोमीटरमध्ये आणि बाकी १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन हातांवर पसरलेल्या, टोक ते टोक २५ किमी. हे एका माणसाचं काम आहे का? स्ट्रक्चरचे इंजिनिअर, रिसीव्हर बांधणारे, फायबर टाकणारे, वर खोडदच्या पाव्हण्याचा मामा. मी पस्तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढली, बोर्ड आम्ही बनवायचे आणि फोटोत डायरेक्टर. तेव्हा ‘या माणसाची दुर्बीण’ हे वाक्य मला खटकतं.

आणि ‘सामावून घेणारा बॉस’ हे श्रद्धांजलीतच जास्त ऐकू येतं.

मधला_बाक

@सोल्डर_गन वाक्य माझं होतं, मागे घेतो. पण मुद्दा तोच आहे ना, एवढी सगळी माणसं त्यानं गोळा कशी केली?

तीनशेसत्तावीस

(आयडीवरून ओळखलं असेल, उटीची दुर्बीण ३२७ मेगाहर्ट्झला चालते, मी तिथं काही वर्षं काढलीयत. स्वरूपांच्या थेट हाताखाली नाही, खूप नंतरच्या पिढीत. त्यामुळे आतल्या गोष्टी सांगतोय असं समजू नका, आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असलेलंच आहे.)

सोल्डर_गन यांचं अर्धं बरोबर आहे. पण क्रम बघा. १९६१ मध्ये परदेशातले चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन, यांनी मिळून भारतातल्या काही संस्थांना प्रस्ताव पाठवला की आम्हाला परत येऊन गट उभारायचाय. टीआयएफआरमधून (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) होमी भाभांची तार गेली जानेवारी १९६२ मध्ये. आशय एवढाच की गट काढायचं ठरवलंय, ऑफरचं पत्र मागाहून येतंय. म्हणजे स्वरूपांचं स्वतःचं स्वागतही असं झालं, समिती नाही, कळवतो-बघतो नाही. एप्रिल १९६३ ला ते रुजू झाले, आणि चौघांपैकी शेवटपर्यंत इथं टिकले ते तेच.

आता गंमत अशी की गट काढायचा तर माणसं कुठंयत? देशात रेडिओ खगोलशास्त्र शिकलेलं जवळपास कोणी नव्हतंच. दिल्लीच्या लॅबमधले दोन अनुभवी लोक आले, सरमा आणि जोशी, आणि बाकी अणुऊर्जेच्या ट्रेनिंग स्कूलमधून नुकती बाहेर पडलेली पोरं. विजय कपाही, इसलूर वगैरे. त्यांना आधी कल्याणच्या डिश उभ्या करायला लावलं (@कल्याण_वेस्ट, तुमचं गाव म्हणजे आमच्या लायनीतली बालवाडी समजा). हात बसल्यावर उटी. आणि उटी म्हणजे काय, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद एक पन्हाळं, डोंगराच्या उतारावर आडवं टाकलेलं. उतार निवडला तो असा की त्याचा कोन आणि तिथला अक्षांश सारखा, साधारण ११ अंश. त्यामुळं दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर झाला आणि एकाच दिशेला फिरवत ठेवली की साडेनऊ तास तारा सुटत नाही. परावर्तक म्हणून पत्रा नाही, ५३० मीटर लांबीच्या ११०० बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारा. फेब्रुवारी १९७० मध्ये चालू झाली. स्वरूप रुजू झाल्यापासून सात वर्षांत, आणि ज्यांनी ती बांधली त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी दुर्बीण बांधलेली नव्हती.

ते कपाही पुढं एनसीआरएचे (जीएमआरटी चालवणारी पुण्यातली संस्था) संचालक झाले, स्वरूप १९९४ ला निवृत्त झाल्यावर. १९९९ मध्ये अकाली गेले, तो धक्का सगळ्यांनाच मोठा होता. ट्रेनिंग स्कूलमधून आलेला पोरगा आपल्या जागेवर बसतो आणि आपण बाजूच्या खोलीत काम करत राहतो. सोल्डर_गन, तुमच्या फोटोतल्या डायरेक्टरांपैकी हे किती जणांना जमलं असतं?

सोल्डर_गन

दोन. (मोजून बघितलं.)

टोमॅटो_भाव

सगळं छान आहे पण आमची रेल्वे गेली त्याचं काय. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड नारायणगाववरून जाणार होती, जीएमआरटीला त्रास होतो म्हणून मार्ग बदलायचं ठरलं. जमीन आमची, दुर्बीण आमच्या शिवारात आणि रेल्वे दुसरीकडून. भोगायचं आम्ही.

तीनशेसत्तावीस

त्रास होतो हे खोटं नाही हो. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की जवळ विजेच्या तारेत ठिणगी उडाली तरी तोच ऐकू येतो, वर २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड लाइन. खोडद निवडलं तेच मुळी डोंगरांची आड आहे, मोठं शहर नाही आणि तरी पुणं ८० किमीवर म्हणून.

टोमॅटो_भाव

मग शहर होऊच द्यायचं नाही का आम्ही? दुर्बिणीला विरोध नाही, पण नुकसानाचं कोणी बोलत नाही.

खोडदचा_पाव्हणा

भाऊ तुमचं खरंय पण हा धागा त्याचा नाही, वेगळा काढा मी येतो तिथं भांडायला, तुमच्याच बाजूनं.

ढवळ्या

नारायणगाव म्हणजे टोमॅटोचा बाजार, तमाशाची पंढरी आणि विश्वातून येणाऱ्या लहरी. तिन्हीकडं फड लागतो.

शाळा_सुटली

मी जुन्नर तालुक्यात विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. दर वर्षी २८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, पंचक्रोशीतल्या शाळा आपापले प्रयोग घेऊन येतात, त्या दिवशी दुर्बीणही बघायला मिळते. एसटी, टेंपो, ट्रॅक्टर, मिळेल त्यानं पोरं येतात. मी सलग १४ वर्षं मुलं नेली. स्वतः स्वरूप सर भेटले असं मी म्हणणार नाही, पण तिथली शास्त्रज्ञ मंडळी आमच्या पोरांच्या पुठ्ठ्याच्या मॉडेलसमोर उभी राहून विचारायची, हे असं का केलंस? पाचवीतली पोरगी ‘बाईंनी सांगितलं म्हणून’ असं उत्तर द्यायची आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं वाटायचं. पण तो प्रश्न त्यांनी पाचवीतल्या पोरीला विचारला हो, मला नाही विचारला. ही संस्थेची सवय वरून खाली येते, आपोआप नाही येत.

आणि एक, स्वरूपांनी आणि वि. गो. भिडे यांनी मिळून विज्ञानाच्या पाच वर्षांच्या सलग शिक्षणासाठी बराच पाठपुरावा केला होता, आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था) निघाल्या त्याच्या मुळाशी तोही विचार आहे. पुण्यातली आयसर २००६ ची. माझी एक विद्यार्थिनी तिथं शिकली. पुठ्ठ्यावालीच.

पोस्टडॉक_पोळी

मला अनघाताई आणि ३२७ यांच्याशी थोडं असहमत व्हायचंय. ‘पहिल्या दिवसापासून खरं काम द्या’ हे ऐकायला भारी वाटतं, पण माझा अनुभव उलटा आहे. एका ठिकाणी (देश पण सांगत नाही) मला आल्या आल्या पूर्ण डेटा पाइपलाइन दिली, तुझी म्हणून. मी खूश. तीन आठवड्यांनी कळलं की त्यात एक फाइल दोन वर्षांपासून चुकीची होती आणि सगळ्यांना माहीत होती, मला सोडून. विचारायचं कोणाला तेच माहीत नव्हतं, आणि विचारलं तर येत नाही असं वाटेल ही भीती. ज्यांना आधीच पोहता येतं त्यांना पाण्यात ढकलणं सोपं असतं. जी बुडाली त्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही.

त्यामुळे मला पॉसीच्या गोष्टीत काम देणं हा भाग मोठा वाटत नाही. चार ठिकाणी फिरवलं म्हणजे वर्षाअखेरीस त्या मुलाला चार दारं माहीत झाली, कुठल्या दारावर टकटक करायची ते. मला एकही दार माहीत नव्हतं.

सिडनीकर_अनघा

हे मला सुचलं नव्हतं. आणि खरंय, नाहीतर तो डिश मागायला गेलाच नसता. पॉसीचं दार त्याला माहीत होतं.

सोल्डर_गन

पोळीताईंशी १०० टक्के सहमत, असं मी वर्षातून एकदा म्हणतो.

त्यात माझं एक: स्वस्तात करणं. जीएमआरटीचं सगळं गणित काटकसरीवर उभं आहे, ती तारांची जाळी दोरखंडांसारख्या ताणलेल्या तारांवर बांधली, ‘स्मार्ट’ म्हणतात त्या रचनेला. लहरी मीटरभर किंवा वीतभर लांबीच्या, जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, त्यामुळे लहरीला ती जाळी भिंतच वाटते पण वाऱ्याला वाटत नाही. वारा आरपार गेला की लोखंड कमी लागतं, लोखंड कमी लागलं की पैसा कमी. आता यात नव्या पोराचा काय संबंध? संबंध असा की आयात केलेल्या मशीनला नवा पोरगा हात लावू शकत नाही, वॉरंटी जाते. इथंच जोडलेल्या, इथंच बिघडणाऱ्या वस्तूला तो हात लावू शकतो. आमच्याकडं एक जर्मन मशीन होतं, त्याला सहा वर्षं हार घातला, दसऱ्याला.

कल्याण_वेस्ट

हार घातला 😂😂 आमच्याकडं अजून घालतात.

तीनशेसत्तावीस

सोल्डर_गन, हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. उटीला आम्ही हेच केलं. तुटलेली तार बदलायला शिकलो तेव्हा दुर्बीण कळली, पुस्तकं वाचून नव्हती कळली.

२०१९ च्या मार्चमध्ये पुण्यात एक परिषद झाली, मीटर तरंगलांबीच्या खगोलशास्त्रावर, स्वरूपांच्या नव्वदीच्या सुमारास. तिथली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसलीय, पोस्टरच्या हॉलमध्ये विशीतल्या मुलांची संख्या. १९६३ ला चार माणसं जमवताना मारामार होती.

मधला_बाक

खूप मिळालं मंडळी. टोमॅटो_भाव यांचाही मुद्दा गेला नाही डोक्यातून. सोमवारी काय होतं ते कळवतो.

ढवळ्या

कळवतो म्हणणारे परत येत नाहीत, या साइटचा इतिहास आहे.

मधला_बाक

(पाच आठवड्यांनी)

ढवळ्या, आलो परत.

ओरिएंटेशनची पीपीटी रद्द केली. तिघांना चार गटांत दीड-दीड आठवडा फिरवतोय, पॉसीसारखं तीन महिने देणं आमच्या फायनान्सला झेपणार नाही. प्रत्येक ठिकाणी एक छोटं काम, आणि पोळीताई, तुमच्यासाठी एक गोष्ट घातली: प्रत्येक गटाच्या प्रमुखानं पहिल्या दिवशी मुलांना आपल्याकडची एक चुकलेली गोष्ट दाखवायची, जी सगळ्यांना माहितीये आणि कोणी दुरुस्त करत नाही. एक प्रमुख म्हणाले आमच्याकडं तसं काही नाही. त्यांच्याच गटातल्या टेक्निशियननं सात दाखवल्या.

दोघं मस्त चाललेत. तिसरा गप्प असतो, अजून कळत नाही. त्यानं काल मला विचारलं, सर, स्टोअरमध्ये जुना स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर भंगारात पडलाय, उघडून बघू का? मी हो म्हणालो आणि मग रात्री झोप नाही, कारण त्याचं राइट-ऑफ झालेलं नाहीये आणि सही माझी आहे.

सोल्डर_गन

मॉडेल नंबर कळवा. सर्किट डायग्राम माझ्याकडे असण्याची शक्यता आहे.

खोडदचा_पाव्हणा

आणि खुर्च्या मिळाल्या का पोरांना?

मधला_बाक

दोन आल्या. तिसरी माझी दिलीय. यूपीएसचं खोकं अजून आहे तिथंच.